मदत हवी आहे: जुन्या दुनळीची रास्त किंमत कशी ठरवायची?

काकांच्या मागे राहिलेली बारा बोअरची दुनळी बंदूक विकायची आहे. ती परवानाधारक विक्रेत्याकडे जमा आहे आणि व्यवहारही त्याच्यामार्फतच होईल. अडलंय ते किमतीवर. विक्रेता सांगतो त्याच्या दुप्पट आकडे जाहिरातींत दिसतात. पण ती नुसती विकणाऱ्याने मागितलेली किंमत. लिलावात सौदा प्रत्यक्ष कितीला झाला तेच धरावं, असं मला वाटतं. बरोबर ना?

बंद केल्यावर नळ्या जराही हलत नाहीत. नळ्या आणि बॉडीवरचा नंबर एकच आहे. मात्र एका नळीत चेंबरच्या (काडतूस बसतं त्या भागाच्या) पुढे गंजाचे बारीक खड्डे आहेत, आणि चेंबर अडीच इंची आहे, म्हणजे हल्लीची पावणेतीन इंची काडतुसं त्यात वापरता येणार नाहीत. या दोन गोष्टींनी भाव कितपत उतरतो?

नव्याने ब्लूइंग (नळ्यांवरचा निळसर-काळा थर) करून घ्या, असं एकाने सुचवलं. मूळ फिनिश गेलं की संग्राहक पाठ फिरवतात, म्हणून हात लावलेला नाही.

पैसे काकूंना मिळणार आहेत, त्यामुळे कवडीमोलाने द्यायची नाही. घेणाऱ्यालाही फसवायचं नाही. आधी गनस्मिथकडून (बंदुकीच्या कारागिराकडून) नळ्यांची जाडी मोजून लेखी घ्यावी का? अनुभवींनी कृपया सांगा.