मदत हवी आहे: गॅस हायड्रेटचा थर टाकला तरी ईएम मॉडेलचा आलेख हलत नाही

केतकी_जुळे_सोलापूर
एमएस्सी भूशास्त्र, शेवटचं सेमिस्टर. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात समुद्रतळाखालचं गॅस हायड्रेट (मिथेन अडकलेला बर्फासारखा पदार्थ) ईएम म्हणजे विद्युतचुंबकीय सर्वेक्षणात दिसेल का, असा प्रबंधाचा विषय आहे. थराथरांचं साधं मॉडेल केलंय. हायड्रेटचा थर टाकून एक रन आणि न टाकता एक रन, दोन्ही आलेख एकमेकांवर तंतोतंत बसतात! थर चांगला १२० मीटर जाड धरलाय. कोड तपासून झाला. सोमवारी गाईडना दाखवायचंय. कुणाला माहीत असेल तर प्लीज लगेच सांगा.

दर्यावर्दी
पाण्याची खोली? फ्रीक्वेन्सी? सोर्सपासून रिसीव्हर किती लांब? थराची रेझिस्टिव्हिटी (विजेला होणारा विरोध) किती, आणि तो तळाखाली किती मीटरवर? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगायचं कसं?

बोअर_पॉइंट_मंगळवेढा
ताई, मी पंधरा-वीस वर्षं रेझिस्टिव्हिटीच्या मशीनवर पाण्याचे पॉइंट काढतोय. खुंट्यांमधलं अंतर वाढवा, खालचं दिसायला लागेल. काळा पाषाण लागला की आकडा चढतो, मांजऱ्या खडक नाहीतर ओला मुरूम आला की पडतो. आकडा पडला तिथं पाणी. बघा की ओ, सोपं आहे.

दर्यावर्दी
काका, तुमचं जमिनीवर बरोबर आहे, इथे गणित उलटं. हायड्रेट म्हणजे पाण्याच्या बर्फासारख्या पिंजऱ्यात अडकलेला मिथेन, त्यातून वीज जवळपास जात नाही. त्यामुळे चढलेला आकडा शोधायचा. शिवाय वर खारं पाणी, जेमतेम ०.३ ओहम-मीटरचं. डीसी करंट तिथल्या तिथेच वळून जातो. म्हणून जहाजामागे तळालगत लांब डायपोल (दोन इलेक्ट्रोडची तार) ओढतात आणि त्यात बदलता करंट सोडतात.

केतकी_जुळे_सोलापूर
पाणी १००० मीटर. फ्रीक्वेन्सी ०.०५ हर्ट्झ, अंतर १० किमीपर्यंत, हे तेलाच्या सर्वेक्षणावरच्या एका पेपरमधून घेतलं. गाळ १ ओहम-मीटर, हायड्रेट ३. थर तळाखाली ४० मीटरवर सुरू होतो. अ‍ॅझिमथ (सोर्सच्या तारेच्या दिशेपासून रिसीव्हरचा कोन) ९०.

सिस्मिक_पुणे
मुळात ईएमचा खटाटोप कशाला? सिस्मिकवर (ध्वनिलहरींच्या सर्वेक्षणात) बीएसआर म्हणजे बॉटम सिम्युलेटिंग रिफ्लेक्टर दिसला की काम झालं. तळाला समांतर जाणारी, उलट्या पोलॅरिटीची रेघ. जगभर हायड्रेट असंच शोधलं गेलंय.

दर्यावर्दी
बीएसआर उठतो तो मुख्यतः खालच्या मोकळ्या गॅसमुळे. वर हायड्रेट किती आहे हे ती रेघ सांगत नाही. २००६ साली राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाची पहिली मोहीम 'जॉइडीस रेझोल्यूशन' या ड्रिलिंग जहाजावरून झाली. कोकण-केरळ किनाऱ्यासमोरच्या विहिरीत हायड्रेट मिळालंच नाही, आणि कृष्णा-गोदावरीत एका ठिकाणी भेगाळ चिकणमातीत सुमारे १३० मीटरचा पट्टा लागला. नुसत्या रेघेवर विसंबून राहणं मला तरी पटत नाही.

सिस्मिक_पुणे
मग ईएमवर तरी विसंबायचं का? कार्बोनेटचा थरही रेझिस्टिव्ह, मोकळा गॅसही रेझिस्टिव्ह. ईएमची रेझोल्यूशन सिस्मिकच्या जवळपासही येत नाही. दोन्ही एकत्र वापरा म्हणा, ते मान्य.

शेतकरी_मोहोळ
आमच्या बोअरच्या पाण्यातून बुडबुडे येतात. खाली हा गॅस असेल का? सर्व्हे करायला किती खर्च येतो?

भूजल_वाचक
दादा, नाही. हायड्रेट टिकायला थंडी आणि भरपूर दाब लागतो. ते खोल समुद्राच्या गाळात किंवा ध्रुवाकडच्या कायम गोठलेल्या जमिनीत सापडतं. आपल्याखाली बेसाल्ट, आणि मे महिन्यातलं सोलापूर तर तुम्हीच बघताय. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा कार्यालयात दाखवा. तोवर बोअरजवळ काडी ओढू नका.

चादरवाला
१ घनमीटर हायड्रेटमधून १६४ घनमीटर गॅस निघतो असं वाचलंय. मग सिलिंडर स्वस्त कधी होणार?

भूजल_वाचक
त्यासाठी वेगळा धागा काढा राव, पोरीचा सोमवार आहे.

ईएम_हैदराबाद
केतकी, कोड ठीक असणार. फ्रीक्वेन्सी आणि अ‍ॅझिमथ बघ. स्किन डेप्थ, म्हणजे सिग्नल बराच क्षीण होईपर्यंतचं अंतर, मीटरमध्ये साधारण ५०३ गुणिले (रेझिस्टिव्हिटी भागिले फ्रीक्वेन्सी) याचं वर्गमूळ. ०.०५ हर्ट्झला १ ओहम-मीटरच्या गाळात ती सव्वादोन किमी येते. तेवढ्या पसाऱ्यात १२० मीटरचा ३ ओहम-मीटरचा थर हरवतो. त्यात १००० मीटर पाणी आणि १० किमी अंतर, म्हणजे तुझा सिग्नल वर जाऊन हवेतून परत आलेला. तेलाचा साठा खोल असतो, तिथे ते आकडे चालतात. हायड्रेट उथळ. १ हर्ट्झला स्किन डेप्थ ५०० मीटरवर येते, अंतर ५०० मीटर ते ३ किमी ठेव.

दुसरं, अ‍ॅझिमथ ९० म्हणजे ब्रॉडसाइड, रिसीव्हर तारेच्या काटकोनात. त्यात करंट बहुतेक आडवे वाहतात, थराला समांतर निघून जातात. आडव्या पातळ रेझिस्टरला उभे करंट हवेत, ते इनलाइनमध्ये, म्हणजे रिसीव्हर तारेच्या रेषेत असताना मिळतात. अ‍ॅझिमथ ० करून परत चालव.

केतकी_जुळे_सोलापूर
सर, चालवलं. १ हर्ट्झ, इनलाइन. एक किमीच्या पुढे दोन्ही आलेख स्पष्ट वेगळे झाले, थर असलेला वर राहतो! रात्री लाइट जायच्या आत प्लॉट सेव्ह केले. खूप खूप आभार. आता आर्चीच्या सूत्रातून (रेझिस्टिव्हिटीवरून) सॅच्युरेशन, म्हणजे गाळाच्या छिद्रांत हायड्रेट किती भरलंय ते काढू ना? विहिरीच्या लॉगमधली (आत यंत्र सोडून मोजलेली) रेझिस्टिव्हिटी मॉडेलमधल्या ३ पेक्षा खूप जास्त दिसते, ती टाकली तर?

ईएम_हैदराबाद
तशीच्या तशी नको. तिथल्या चिकणमातीत हायड्रेट उभ्या भेगांमध्ये भरलंय. उभ्या विहिरीतलं लॉग आडवी रेझिस्टिव्हिटी मोजतं, करंटला प्रत्येक भेग ओलांडावी लागते, आकडा फुगतो. आर्चीचं सूत्र सगळीकडे सारखा गाळ धरतं, म्हणून तिथे सॅच्युरेशन प्रेशर कोअरपेक्षा (दाब टिकवून वर काढलेल्या गाळाच्या नमुन्यापेक्षा) बरंच जास्त आलं होतं. इनलाइनचा उभा करंट मात्र भेगांमधल्या मातीतून वाट काढतो, त्याला कमी दिसतं. आडवी आणि उभी रेझिस्टिव्हिटी वेगळी देता येते का कोडमध्ये?

केतकी_जुळे_सोलापूर
कोड एकच आकडा घेतो सर. दोन्ही देता येणारा फुकटातला कोणता आहे?