उपवासकाळ आणि देवाची अभिवचनं: मधल्या दिवसांचे अनुभव लिहा

जय ख्रिस्त सगळ्यांना. राखेचा बुधवार झाला, उपवासकाळ (लेंट, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस) सुरू झाला म्हणून हा धागा काढतेय. साक्ष देताना आपण बहुतेक शेवटच सांगतो, प्रार्थना केली आणि उत्तर मिळालं. मला मधले दिवस ऐकायचेत, अभिवचन हातात आहे पण समोर काहीच दिसत नाही ते दिवस कसे काढलेत.

माझ्यापासून सुरू करते. 2020 ला 26 फेब्रुवारीला राख लावून घेतली आणि महिन्याच्या आत, 25 मार्चला लॉकडाऊन. आम्ही कळव्याला, सासऱ्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस ठाण्यात, रिक्षा बंद, मग हे पप्पांना स्कूटरवर मागे बसवून खाडीपुलावरून न्यायचे, नाकाबंदीला दरवेळी फाईल दाखवायची. मी घरी यशया 41:10 म्हणत बसायचे, भिऊ नको कारण मी तुझ्याबरोबर आहे. खरं सांगते, विश्वासाने नाही, भीतीने म्हणायचे, स्कूटरचा आवाज येईपर्यंत म्हणतच राहायचे. 12 एप्रिलला ईस्टरची मिस्सा (चर्चमधली उपासना) मोबाईलवर बघितली, पप्पा उशीला टेकून. पुढे दीड वर्ष ते आमच्यात होते.

नेरूळहून

ताई छान विषय. मी प्रॉटेस्टंट, आमच्या घरी लेंटचे उपवास फारसे कोणी करायचं नाही, मी पहिल्यांदा केले ते नोकरी गेली तेव्हा. महापेला एमआयडीसीत होतो, सात महिने घरी. पाळकांनी सांगितलं अब्राहामाचं वाच, देवाने त्याला मुलाचं अभिवचन दिलेलं. तो देवाच्या शब्दावर घरून निघाला तेव्हा 75 वर्षांचा आणि मुलगा इसहाक झाला तेव्हा 100, म्हणजे 25 वर्षं वाट बघितली, आणि मी सात महिन्यांत हातपाय गाळले. पण मला जास्त लागलं ते मधलं, हागारेचं. अभिवचन मिळालेलं असूनही त्याच्या बायकोला, साराला, धीर धरवला नाही, तिने आपला मार्ग काढला, मूल व्हावं म्हणून आपली दासी हागार त्याला दिली आणि अब्राहामाने ऐकलं. मी पण तेच केलेलं, बायकोला न सांगता ऍपवरून कर्ज घेतलं, ते फेडायला दुसऱ्या ऍपवरून, रात्री अकरा वाजता वसुलीवाल्यांचे फोन, ते पण माझ्या मेव्हण्याला. लेंटच्या तिसऱ्या आठवड्यात बायकोसमोर बसून सगळं सांगितलं. ती रडली, मग वही घेऊन आकडे लिहायला लागली. नोकरी त्यानंतर चार महिन्यांनी लागली, पगार आधीपेक्षा कमी. पण देवाने हागारेच्या मुलाला, इश्माएलालाही टाकलं नाही, रानात मुलाचा आवाज ऐकला असं लिहिलंय (उत्पत्ती 21), ते वाचून मी खूप वेळ गप्प बसलो होतो.

ठाणे-पनवेल लोकलमधून

मी नर्स, रोज ठाण्याहून पनवेलला जाते. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला (येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाची टप्प्याटप्प्याची प्रार्थना) चर्चमध्ये पोचणं जमत नाही म्हणून गाडीतच करते. क्रूसाच्या वाटेची 14 स्थानकं, आणि 2024 ला दिघा गाव झाल्यापासून ठाण्यानंतर पनवेलपर्यंत बरोबर 14 स्टेशनं! रबाळेला प्रभु पहिल्यांदा पडतो, तुर्भ्याला वेरोनिका नावाची बाई त्याचं तोंड पुसते, जुईनगरला दुसऱ्यांदा पडतो, सीवूड्सला तिसऱ्यांदा, मानसरोवरला प्राण सोडतो. पनवेल म्हणजे कबर, उतरायचं आणि ड्युटीला लागायचं. माझा मुलगा दारू सोडतो आणि परत सुरू करतो, तीनदा झालं. सीवूड्स आलं की मी त्याचं नाव घेते. प्रभु तिसऱ्यांदा पडून पण उठलाय, एवढंच धरून आहे. अजून उत्तर नाही, तरी लिहिलं कारण ताईंनी मधलेच दिवस मागितलेत.

कोपरखैरणेहून

लिहू की नको असं चाललेलं. आमचं बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं, उपवासकाळातच. लोक म्हणाले देवाची योजना. कृपा करून कुणाला असं म्हणू नका. मला अभिवचनांचाच राग आला होता, बायबल कपाटात वर ठेवून दिलं. पवित्र शनिवारी (ईस्टरच्या आदल्या दिवशी) संध्याकाळी चर्चमध्ये सहज शिरलो तर वेदी उघडी, फुलं नाहीत, मेणबत्ती नाही, प्रभुभोजनाची पेटी उघडी आणि रिकामी. रिकामं घर बघून आलेला मी, तिथे बसवलं मला. स्तोत्र 34 मधलं, परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या सन्निध असतो, तेवढं एक वाक्य अजून म्हणता येतं. बायको अजून येत नाही, मी आग्रह करत नाही.

ठाणे, तलावपाळीजवळून

मी वयाने मोठा म्हणून दोन ओळी. याच ठाण्यात 1321 ला चार फ्रान्सिस्कन (ख्रिस्ती संन्यासी) मारले गेले, तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे सोबती. इथे चर्च उभं राहिलेलं त्यांनी बघितलं नाही. मी रोज मासुंदा तलावाला फेरी मारताना घंटा ऐकतो आणि त्यांची आठवण काढतो. कोपरखैरण्याच्या दादा, तुमच्या बाळासाठी उद्याच्या मिस्सेत प्रार्थना सांगतो.

धागा काढणारी

काका, आभार. दादा, मी काही बोलत नाही, फक्त वाचलं. नर्स ताई, तुमच्या मुलाचं नाव मला मेसेजमध्ये पाठवा, शुक्रवारी नवव्या स्थानकाला, प्रभु तिसऱ्यांदा पडतो तिथे, मी पण घेईन.