पोटाला सोसेल असं रोजचं जेवण: तुमच्या घरी काय शिजतं?

बाहेरचं बंद करा, तेलकट टाळा, हलकं खा. डॉक्टर एवढं सांगतात आणि आपण मान डोलावून घरी येतो. ओट्यासमोर उभं राहिलं की प्रश्न पडतो, हलकं म्हणजे नेमकं काय शिजवू? मला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) आहे. तपासण्यांत काही सापडत नाही, पण आतडं जरा काही झालं की रुसतं. घरातले बाकीचे दगड पचवणारे. रोज दोन स्वयंपाक होत नाहीत आणि आजाऱ्याचं वेगळं ताट लावून घ्यायचाही कंटाळा आलाय.

म्हणून हा धागा. आम्लपित्त, गॅसेस, बद्धकोष्ठ, दूध न पचणं, ज्याचा जो त्रास असेल तो. तुम्हाला सोसलेलं शाकाहारी, घरचं जेवण लिहा. नुसतं 'खिचडी' लिहून पळू नका. पाणी किती, फोडणी कशाची, तेही सांगा. औषधांची नावं नकोत. आणि शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, पोटदुखीने रात्री जाग येणं असं काही असेल तर इथे वाचत बसू नका, आधी तपासून घ्या.

*

खिचडीवाली मीच, त्यामुळे पळत नाही.

एक वाटी तांदळाला अर्धी वाटी सालं काढलेली मुगाची डाळ. डाळ अर्धा तास भिजत घालायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. मग हळद, मीठ, किसलेलं आलं आणि सहा-सात वाट्या पाणी घालून कुकरला लावायची. नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त घ्यायच्या. झाकण उघडल्यावर पळीने चांगली घोटायची. पळी वाकडी केली की खिचडी सावकाश ओघळली पाहिजे. गोळा पडला तर आणखी गरम पाणी घाला, गार नको. शेवटी चमचाभर तुपात जिरं तडतडवून गॅस बंद करायचा आणि मग हिंग टाकायचं, म्हणजे ते जळत नाही.

हीच खिचडी तुरीच्या डाळीची केली तर संध्याकाळपर्यंत माझ्या पोटाचा नगारा होतो. मुगाने होत नाही.

घरच्यांसाठी वेगळं काही करत नाही. माझं ताट वाढून झालं की उरलेल्या पातेल्यावर लसूण आणि लाल तिखटाची फोडणी ओतते. कुकर एकच.

*

माझी गंमत अशी की मिरची सोसते, कांदा सोसत नाही. 'फिकं खा' या सल्ल्याचा काही उपयोग होत नव्हता, कारण प्रत्येक फिक्या भाजीत कांदा असायचाच.

आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं ते असं. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टान असतं. ते तोडणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतंच, कोणाच्याच नसतं. ते तसंच मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू त्यावर ताव मारून गॅस करतात. इतरांना तो जाणवत नाही, आपल्यासारख्यांना जाणवतो. अशा सगळ्या पदार्थांची वर्गवारी ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने केली आहे. अशा नीट शोषल्या न जाणाऱ्या, गॅस करणाऱ्या साखरांना फॉडमॅप म्हणतात.

स्वयंपाकाच्या दृष्टीने कामाची गोष्ट पुढची. फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. रश्शात टाकलेल्या लसणाच्या पाकळ्या नंतर वेचून काढल्या तरी रस्सा बाधतोच. पण फोडणीच्या तेलात पाकळ्या तांबूस होईपर्यंत परतल्या आणि पाण्याचा थेंब पडायच्या आत काढून टाकल्या, तर वास तेलात राहतो आणि त्रास पाकळीबरोबर जातो. मात्र हे तेल त्या वेळेपुरतंच करा. करून बरणीत भरून बाहेर ठेवलं तर बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या विषबाधेचा धोका असतो आणि तो साधा नाही.

कांद्याच्या पातीचा हिरवा भाग मला चालतो, खालचा पांढरा चालत नाही. रश्शाला दाटपणा हवा असेल तर गाजर आणि बटाटा एकत्र उकडून वाटून घालतो. पाहुण्यांना कांदा नसल्याचा पत्ता लागत नाही, आम्ही सांगतही नाही.

*

दुधी खाणाऱ्यांसाठी एकच सूचना. चिरायच्या आधी छोटा काप कच्चा चाखून बघा. कडू लागला तर सगळा दुधी फेकून द्या, शिजवून कडूपणा मारायच्या फंदात पडू नका. त्यातलं कडू द्रव्य शिजवूनही जात नाही आणि त्याने जबर उलट्या होतात, पोटात रक्तस्रावही होऊ शकतो. हे रिकाम्या पोटी दुधीचा रस पिणाऱ्यांनी तर भिंतीवर लिहून ठेवावं.

*

वर हिंगाचा उल्लेख आलाय म्हणून लिहिते. बाजारातल्या बऱ्याच हिंगपुडींत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आयबीएसवाल्यांना चिमूटभराने फरक पडू नये, पण माझ्या मुलीला सिलिअॅक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते, आणि तिला तेवढंही चालत नाही. तांदळाच्या पिठात कालवलेलं हिंग मिळतं, मागची बारीक अक्षरं वाचून घ्यावं लागतं.

दुसरं म्हणजे पोटाच्या तक्रारीवर 'गहू सोडून बघ' हा सल्ला हल्ली कोणीही कोणालाही देतं. देऊ नका. सिलिअॅकच्या रक्तचाचणीच्या वेळी माणूस गहू खात असावा लागतो. आधीच सोडला तर आजार असूनही चाचणी नकारात्मक येऊ शकते. मग पुन्हा गहू खाऊन पोट बिघडवून घ्यायचं, हा छळ कशाला?

आमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी असते. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ ताणलं जात नाही आणि थापताना कडा फाटतात. त्यावर उपाय म्हणजे उकड. वाटीभर पाणी मीठ घालून खळखळ उकळायचं, गॅस बंद करून वाटीभर पीठ त्यात टाकायचं, उलथन्याच्या टोकाने ढवळून झाकून ठेवायचं. हाताला सोसेल इतकं निवलं की पाण्याच्या हाताने मळायचं, आणि मळताना आळस करायचा नाही. तळव्याने पुढे रेटत, परत गोळा करत, पीठ लोण्यासारखं मऊ लागेपर्यंत. मग ते लाटताही येतं. मुलगी आता स्वतःच्या भाकऱ्या स्वतः लाटते.

गिरणीत मात्र ज्वारी देत नाही. आधी कोणाचा तरी गहू दळलेला असतो आणि ते पीठ जात्यात उरतंच. घरघंटी घेतली. पोळपाट-लाटणंही तिचं वेगळं, कारण लाकडाच्या भेगांत कणीक बसते.

*

दूध प्यायलं की पोट गुडगुडतं, दही-ताक व्यवस्थित पचतं. विरजणातले जिवाणू दुधातली लॅक्टोज साखर काही प्रमाणात खाऊन टाकतात, म्हणून. मी दही रात्रभर लागू देते, चांगलं आंबट. रोज दुपारी मऊ भात, मीठ आणि पातळ ताक, वर तुपात जिरं. अजून कंटाळा आलेला नाही.

*

बद्धकोष्ठवाल्यांसाठी. 'फायबर वाढवा' ऐकून मी पोळीच्या पिठात कोंडा मिसळायला लागलो आणि पोट आणखी फुगलं. गव्हाचा कोंडा आयबीएसमध्ये त्रास वाढवू शकतो, हे नंतर डॉक्टरांनीच सांगितलं. पाण्यात फुगणारं विरघळतं फायबर सोसतं, म्हणजे इसबगोल. पण थोड्यापासून सुरुवात करा आणि वर भरपूर पाणी प्या, कोरडं तोंडात टाकू नका. जेवणात पडवळ, दोडका, पिकलेली पपई.

*

वडिलांना मधुमेह आहे आणि जठर रिकामं व्हायला फार वेळ लागतो. त्यांच्या बाबतीत वरचे बरेच सल्ले उलटे पडतात, म्हणून लिहितोय. सालं, चोथा आणि जास्त तूप त्यांना जड जातं. मऊ भात, गाळलेलं मुगाचं कढण, गाजर उकडून गाळून केलेलं सूप, असं थोडं थोडं पाच-सहा वेळा. घरात कौतुकाने वाढलेली मोड आलेल्या कडधान्याची वाटी बाजूला सारावी लागते. आईला ते अजून पटलेलं नाही.

*

मला थोडा विरोध नोंदवायचाय. इथे प्रत्येक जण काहीतरी सोडतोय. मीही एकेक करत कांदा, गहू, दूध, कडधान्यं, वांगं, फळं सोडली. शेवटी वरण-भातावर आले, अशक्तपणा आला आणि कोणाकडे जेवायला जायचं म्हटलं की आदल्या दिवशीच पोटात गोळा. त्या फॉडमॅपचंही पहिलं कडक पथ्य दोन ते सहा आठवड्यांपुरतंच असतं. त्यानंतर एकेक पदार्थ परत आणायचा असतो, एका वेळी एकच, आधी थोडा, मग जास्त. हा दुसरा भाग लोक करतच नाहीत. मला करायला लावला तेव्हा कळलं की गव्हाची एक पोळी चालते, तीन चालत नाहीत. दूध चहापुरतं चालतं. वांग्याचा तर काही संबंधच नव्हता.

*

आम्लपित्त. पदार्थ नाही, वेळ बदलली. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी, तेही दुपारच्या निम्मं. डाव्या कुशीवर झोपतो. तिखट थोडं चालतं, तळलेलं नाही.

*

धागा काढला त्याचं चीज झालं. उकड आजच केली, कडा फाटल्याच, पण कमी. एक शंका आहे. कडधान्यं आणि तूर दोन्ही गेल्यावर प्रथिनं कुठून आणायची? मुगाच्या डाळीवर किती दिवस काढणार?

*

पनीर आणि टोफू. पनीर करताना निवळीबरोबर बरंचसं लॅक्टोज निघून जातं, त्यामुळे दूध न सोसणाऱ्यांनाही थोडं पनीर चालू शकतं. टोफू घट्ट घ्या, लुसलुशीत नको. पाणी दाबून काढलेल्या टोफूत सोयाबीनमधली वायू करणारी साखर कमी असते.

आणि मसूर पूर्ण सोडू नका. अख्खे मसूर रात्रभर भिजवा, पाणी टाका. भरपूर पाण्यात नीट मऊ शिजवा आणि तेही पाणी ओतून द्या. गॅस करणारी साखर बरीचशी पाण्याबरोबर जाते, थोडी चवही जाते, ती आलं-जिऱ्याच्या फोडणीने परत आणायची. सुरुवातीला पाव वाटी, जेवणात दुसरं काही नवीन न घेता. दोन दिवस पोट शांत राहिलं तर अर्धी वाटी. वरच्या ताईंनी पोळीचं सांगितलं तसंच, किती चालतं ते शोधायचं.