मदत हवी आहे: फिजिक्स एमएस्सीसाठी कलिना की पुणे? रँकिंग किती धरायचं?

कोपरी_ठाणेपूर्व:

नमस्कार मंडळी,

मुलगी यंदा टीवायबीएस्सी फिजिक्सला आहे, ठाण्यातल्याच कॉलेजात. शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आली आहे आणि एमएस्सी कुठे करायची यावर घरात रोज चर्चा चालू आहे. मी कॉमर्सची, मिस्टरही कॉमर्सचे. सायन्समधलं जाणकार आमच्या जवळच्या नात्यात कुणी नाही, म्हणून इथे विचारते आहे. पोस्ट लांबली आहे, पण तपशील दिल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही.

लेकीला पृथ्वीच्या वरच्या वातावरणाचं भारी वेड आहे. सूर्यावरची वादळं, त्यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वात होणारे बदल, उपग्रहांच्या संदेशात येणारे अडथळे, हे सगळं. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेपासून हे सुरू झालं. पूर्वी ही मोजमापं मुंबईत कुलाब्याला व्हायची. शहरात विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेमुळे नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. हे कळल्यापासून तिने या विषयाचा पाठपुरावा सोडलेला नाही. त्या परंपरेतून उभी राहिलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था आज नवीन पनवेलला आहे, म्हणजे आमच्याकडून ठाणे-पनवेल लोकलने जाण्यासारखी. पुढे पीएचडी करायची हे तिचं पक्कं आहे.

आता पर्याय. पहिला कलिना, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा स्वतःचा फिजिक्स विभाग. कुर्ल्यापर्यंत लोकल, पुढे बस किंवा रिक्षा, त्यामुळे घरून जाऊन-येऊन जमेल. दुसरा पुणे विद्यापीठ. तिथे फिजिक्स विभाग तर आहेच, शिवाय वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा वेगळा विभागही आहे. पण होस्टेल आणि मेस आली. तिसरा, ठाण्यातल्याच एखाद्या कॉलेजात एमएस्सी. डिग्रीवर नाव मुंबई विद्यापीठाचंच येणार, मग कलिन्याची दगदग कशाला, असं सासूबाईंचं म्हणणं. चौथा पर्याय आमच्या ऐरोलीच्या दिरांनी आणलेला, नवी मुंबईतलं एक खाजगी विद्यापीठ. फी लाखांत. त्यांच्या जाहिरातीत ‘जागतिक रँकिंग’ मोठ्या अक्षरात आहे. ते रँकिंग कोणाचं, कोणत्या वर्षाचं आणि कोणत्या शाखेचं, हे मी फोन करून विचारलं, तर समोरून फक्त कॅम्पस बघायला या असं सांगितलं.

म्हटलं आपणच बघू. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या रँकिंगच्या याद्या काढून बसले. २०२४ मध्ये त्यांनी राज्यांच्या सरकारी विद्यापीठांची वेगळी यादी पहिल्यांदाच काढली. अण्णा विद्यापीठ पहिलं, जादवपूर दुसरं, पुणे तिसरं. ते बघून मिस्टरांनी पुण्याचं जवळजवळ ठरवूनच टाकलं. मग २०२५ ची यादी उघडली, तर पुणे अकरावं! सगळ्या विद्यापीठांच्या यादीत २३ वरून थेट ५६ वर. मुंबई मात्र त्याच वर्षी वर सरकलेलं. विद्यापीठांना श्रेणी देणारं नॅक बघावं तर मुंबईला २०२१ मध्ये ए प्लस प्लस, ४ पैकी ३.६५. क्यूएस या परदेशी यादीत तर १०० पैकी ३० गुण निव्वळ जगभरच्या प्राध्यापकांच्या मतांना आहेत.

एका वर्षात पुण्यातलं फिजिक्स एवढं कसं बदलेल? आणि बदललं नसेल, तर मग हा आकडा नक्की सांगतो काय? मुलीच्या आयुष्यातली दोन वर्षं आहेत, त्यामुळे मला हे समजून घ्यायचं आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं: एका विभागाचा दर्जा बाहेरच्या माणसाने कसा ओळखायचा? कलिन्याला राहून पनवेलच्या संस्थेत प्रोजेक्ट करता येतो का? आणि पीएचडीला अर्ज करताना एमएस्सी कुठून केली याला खरंच किती वजन असतं? दोन्हीकडे शिकलेल्यांचा अनुभव ऐकायला आवडेल.

---

प्रयोगवही:

ताई, मी कलिन्याची, फिजिक्सचीच. आता दुसऱ्या संस्थेत पीएचडी करते आहे.

आधी एनआयआरएफ. गुणांची वाटणी अशी: शिकवणं आणि साधनसामग्री ३०, संशोधन ३०, विद्यार्थ्यांचं पुढे काय झालं याला २०, सर्वसमावेशकता १०, लोकांचं मत १०. हे संपूर्ण विद्यापीठाचं मोजमाप आहे. त्यात फिजिक्स आहे तसं मराठी आहे, कायदा आहे, मॅनेजमेंटही आहे. नियमित प्राध्यापक निवृत्त झाले आणि जागा भरल्या नाहीत की विद्यार्थी-शिक्षक प्रमाण बिघडतं आणि नंबर घसरतो. आपल्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत रिक्त जागांचा प्रश्न जुनाच आहे. शिवाय २०२५ पासून मागे घेतलेल्या शोधनिबंधांसाठी गुण कापायलाही सुरुवात झाली. बाकीची विद्यापीठं पुढे सरकली तरी आपला नंबर खाली जातो, हेही आहेच. त्यामुळे ३ वरून ११ या घसरणीतून तुमच्या लेकीच्या विषयाबद्दल थेट काहीच कळत नाही.

पण एनआयआरएफ टाकाऊ मुळीच नाही. यादीपेक्षा तिच्या मागची फाइल वाचा. प्रत्येक संस्थेने भरून दिलेली माहिती त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये असते. त्यात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा तक्ता सापडेल: किती जागा, किती जणांनी प्रवेश घेतला, किती वेळेत पास झाले, किती नोकरीला लागले आणि किती पुढे शिकायला गेले. पीएचडीचे विद्यार्थी किती आणि दरवर्षी किती जणांची पीएचडी पूर्ण होते, हेही असतं. बाहेरून मिळालेल्या संशोधन प्रकल्पांची रक्कम असते. प्राध्यापकांच्या यादीत नियुक्ती नियमित आहे का, याचाही रकाना आहे. सगळे विषय एकत्र असल्यामुळे विभाग वेगळा काढता येत नाही, ही अडचण आहे. तरी नंबरापेक्षा कितीतरी जास्त कळतं. त्या खाजगी विद्यापीठाचीही फाइल शोधा. तिथली पीएचडीची आणि प्रकल्पांची पानं वाचलीत तर दिरांना द्यायला उत्तर मिळेल.

त्यानंतर विभागाच्या साइटवर जाऊन प्राध्यापकांची नावं घ्या आणि लेकीला प्रत्येकाचे गेल्या तीन-चार वर्षांतले निबंध शोधायला सांगा. तिच्या विषयावर काम करणारे दोन जण जरी सापडले तरी पुष्कळ. एकही नसेल, तर ते विद्यापीठ देशात पहिलं असलं तरी तिच्या कामाचं नाही.

---

गणेशखिंड:

पुण्याच्या बाजूने लिहितो. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारातच खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र आयुका आहे, १९८८ पासून. एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्थाही तिथेच, नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण चालवणारी. वातावरण विज्ञानासाठी पाषाणला आयआयटीएम ही संशोधन संस्था आहे, जिथे मान्सूनचं काम चालतं. यांपैकी एकही संस्था पुणे विद्यापीठाची नाही, त्यामुळे त्यांचं श्रेय विद्यापीठाच्या नंबरात धरू नका. पण विद्यार्थ्याला त्याने फरक पडत नाही. संध्याकाळी लेक्चर संपल्यावर आयुकात व्याख्यान असलं की आम्ही चालत जायचो. मागच्या रांगेत बसायचं, निम्मं कळायचं नाही, पण बाहेर चहाला त्याच विषयातली माणसं भेटायची. दोन वर्षं असं वातावरण मिळालं की पीएचडीच्या मुलाखतीची भीती मोडते. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं आणि कोणतंही रँकिंग ते मोजत नाही.

पुण्याच्या विभागांची स्वतःची ऑनलाइन प्रवेश परीक्षा असते. तिचा अर्ज पदवीचा निकाल लागायच्या आधीच येतो, त्यामुळे निकालाची वाट बघत थांबू नका. होस्टेलच्या जागा मर्यादित असतात. औंध, बाणेर, शिवाजीनगर भागातल्या खोल्यांचं भाडं धरूनच खर्चाचा हिशोब मांडा.

---

सानपाडा_ट्रान्सहार्बर:

काकू, माझा भाऊ कलिन्याला होता. रोज ठाणे-कुर्ला म्हणजे गर्दी आलीच, पण प्रॅक्टिकलचे दिवस सोडले तर झेपतं.

प्रोजेक्टचं सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणात राज्यात एमएस्सी दोन वर्षांत ८८ क्रेडिटची आहे (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप). दुसऱ्या सेमिस्टरला ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट, तिसऱ्याला ४ क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट आणि चौथ्याला ६ क्रेडिटचा. हे १४ क्रेडिट कुठे आणि कोणाच्या हाताखाली केले, यावर पुढचं बरंच ठरतं. काही ठिकाणी त्यांचं खरं काम होतं, काही ठिकाणी नुसती फाइल रंगवतात. म्हणून विभागात जाऊन एकच गोष्ट मागा: मागच्या बॅचच्या प्रोजेक्टची यादी, विषय आणि गाइडच्या नावासकट. बाहेरच्या संस्थांची नावं त्यात दिसली, तर पनवेलची वाट मोकळी आहे असं समजा. परवानगी विभाग आणि ती संस्था दोघांचीही लागते, आपोआप काही होत नाही. लेकीने स्वतः तिथल्या शास्त्रज्ञांना आधी ईमेल करावी, तुम्ही किंवा काकांनी नको.

सासूबाईंच्या मुद्द्याबद्दल. प्रमाणपत्र एकाच विद्यापीठाचं हे खरं, पण विद्यापीठाच्या रँकिंगमध्ये त्यांच्या स्वतःच्या विभागांचा हिशोब असतो, संलग्न कॉलेजांचा नाही. कॉलेजांची यादीच वेगळी निघते आणि तिथे संशोधनाला ३० ऐवजी १५ गुण आहेत. ठाण्यातल्या कॉलेजात शिकवणारी माणसं चांगली असू शकतात, आमच्या ओळखीत आहेतही. पण संशोधन करायचं असेल तर जिथे पीएचडीची मुलं प्रयोगशाळेत दिवसभर दिसतात, अशीच जागा बरी.

---

वाशी_सेक्टर१७:

थोडं वेगळं मत. रँकिंग अगदी बाजूला टाकू नका. मुलगी पुढे परदेशात जाणार असेल, तर तिथे अर्ज वाचणाऱ्याला कलिना किंवा गणेशखिंड ठाऊक असेलच असं नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्या काही ठिकाणी जागतिक यादीतल्या स्थानाची अटही असते. भारतात पीएचडी करायची असेल तर मात्र नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा जास्त महत्त्वाची. २०२४-२५ पासून पीएचडी प्रवेशासाठी नेटचे गुण चालतात आणि जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये, वर घरभाडं. कोणत्या विभागातली किती मुलं नेट, गेट किंवा जेस्ट या परीक्षांमधून निघाली, हे विचाराच.

जाता जाता, ज्यांची मुलं अकरावी-बारावीला आहेत त्यांच्यासाठी: कलिन्याच्याच आवारात अणुऊर्जा विभाग आणि मुंबई विद्यापीठाचं मूलभूत विज्ञान केंद्र आहे, २००७ पासून. बारावीनंतर नेस्ट परीक्षा देऊन पाच वर्षांची एकत्रित एमएस्सी. आपल्या ठाण्या-नवी मुंबईतल्या बऱ्याच पालकांना याची माहितीच नसते.

---

कोपरी_ठाणेपूर्व:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

प्रयोगवही, तुमची प्रतिक्रिया लेकीला वाचायला दिली आणि ती लगेच कामाला लागली. दोन्ही विद्यापीठांच्या फाइली उतरवल्या, त्या खाजगी विद्यापीठाचीही. मिस्टरांनी पीएचडीची आणि प्रकल्पांच्या रकमेची पानं दिरांसमोर ठेवली. त्यांनी शांतपणे वाचली आणि आता तेही त्या पर्यायाचं नाव काढत नाहीत. ठाण्यातल्या कॉलेजचा विचारही मागे पडला. सासूबाईंना मी सानपाडाकरांचं म्हणणं वाचून दाखवलं, त्यांना पटलं.

प्राध्यापकांचे निबंध शोधल्यावर पुण्याच्या वातावरण आणि अवकाश विज्ञान विभागाकडे तिचा कल झुकला आहे. तरी कलिन्याचा अर्जही भरणार आहोत. पुण्याला होस्टेल मिळालं नाही, तर कलिना आणि पनवेलचा प्रोजेक्ट हा तिच्या दृष्टीने तितकाच चांगला मार्ग आहे. पनवेलच्या ईमेलचा मसुदा ती स्वतः लिहिते आहे.

आता अजून दोन गोष्टी विचारते. गणेशखिंड, प्रवेश परीक्षेच्या तयारीला जॅमच्या (आयआयटी वगैरेंच्या एमएस्सी प्रवेश परीक्षेच्या) जुन्या प्रश्नपत्रिका पुरतात का, की विभागाच्या जुन्या प्रश्नपत्रिका कुठे मिळतात? आणि मुलींच्या होस्टेलसाठी अर्ज प्रवेश पक्का झाल्यावर करायचा की आधीच? पुण्यात सध्या शिकणारी कुणाची लेक, भाची, पुतणी असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा. मुलींच्या मेसबद्दल आणि रात्री प्रयोगशाळेतून परतण्याच्या सोयीबद्दल मला तिच्याशीच बोलायचं आहे.