निवासी विभागातील प्लॉटवर नागरी बँकेची शाखा: वापरबदल, मागचे आरक्षण आणि स्ट्राँगरूम

शाखाविस्तार

नगरपरिषद हद्दीत आमच्या नागरी सहकारी बँकेला स्वतःची शाखा बांधायची आहे. पाहिलेला प्लॉट 420 चौ.मी.चा असून विकास योजनेत दाट वस्तीच्या रेषेच्या आत, निवासी विभागात येतो. समोरचा रस्ता जागेवर 7.5 मीटर भरतो, पण योजनेत 9 मीटर दाखवलेला आहे. मागच्या कोपऱ्यातले अंदाजे 90 चौ.मी. क्रीडांगणाच्या आरक्षणात गेले आहे. अकृषिक सनद निवासी वापराची आहे. मूळ रेखांकनातल्या खरेदीखतात ‘फक्त राहण्यासाठी’ अशी अट आहे. व्यवहार अजून झालेला नाही.

विक्रेता म्हणतो, शेजारी दवाखाना चालतो, विजेचे कनेक्शन व्यापारी आहे, घरपट्टीही अनिवासी दराने आहे, मग बँकेलाच कोण अडवणार? संचालक मंडळापुढे जाण्याआधी नेमका मार्ग समजून घ्यायचा आहे. झोन बदलून घ्यावा लागेल का? आरक्षणाचे काय करायचे? स्ट्राँगरूम कुठे काढायची?

नगररचना_वाचक

आधी विक्रेत्याचा युक्तिवाद बाजूला ठेवा. व्यापारी मीटर किंवा अनिवासी घरपट्टी म्हणजे वापराची परवानगी नव्हे. कर हा प्रत्यक्ष वापरावर लागतो, तो वापर कायदेशीर आहे की नाही हे करविभाग ठरवत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 2(7) मध्ये वापरातला ठळक बदल हासुद्धा ‘विकास’ धरला आहे. त्यामुळे एक वीटही न लावता घरात बँक सुरू केली तरी कलम 43 प्रमाणे परवानगी लागते, आणि ती नसेल तर कलम 52 व 53 ची कारवाई होऊ शकते. शेजारचा दवाखाना तुम्हाला वाचवायला येणार नाही. निवासी विभागात दवाखान्याला लागू होणारी तरतूद वेगळी असते.

दुसरे म्हणजे झोन बदलण्याच्या फंदात लगेच पडू नका. कलम 37 खालचा फेरबदल म्हणजे सर्वसाधारण सभेचा ठराव, राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना, हरकतींसाठी एक महिना, सुनावणी आणि मग शासनाची मंजुरी. एकट्या प्लॉटसाठी असा प्रस्ताव गेला की ‘एकाच मालकाला फायदा’ ही हरकत ठरलेली. तुम्हाला बहुधा त्याची गरजच नाही.

डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचे प्रकरण 4 उघडा. निवासी विभागाचे आर-1 आणि आर-2 असे दोन भाग आहेत आणि ते रस्त्याच्या रुंदीवर ठरतात. दाट वस्तीत ही सीमारेषा 9 मीटरची आहे. आर-1 मध्ये निवासाला पूरक असे मोजकेच वापर चालतात, आर-2 मध्ये व्यापारी वापराला बरीच मोकळीक मिळते. कळीचा मुद्दा असा की नियमावली अस्तित्वातील किंवा प्रस्तावित रुंदी धरते. रस्ता आज 7.5 मीटर असला तरी योजनेत 9 मीटर असेल तर दावा 9 मीटरवर करता येतो. मात्र रुंदीकरणात जाणारी पट्टी सोडावी लागते. समोरची मोकळी जागा नव्या रस्ता-रेषेपासून मोजतात. जुन्या कुंपणापासून मोजून काढलेला नकाशा हमखास परत येतो.

म्हणून साठेखत करण्याआधी हे कागद हातात घ्या:
- झोन दाखला आणि भाग नकाशा. भाग नकाशावर रस्त्याची प्रस्तावित रुंदी लिहिलेली हवी. नसेल तर ती लेखी मागा, तोंडी उत्तरावर थांबू नका.
- भूमि अभिलेखकडची मोजणी ‘क’ प्रत, आणि तिच्यावर आरक्षणाची व रस्त्याची रेषा आखून घेतलेली.
- मंजूर रेखांकनाची प्रत, अटींच्या आदेशासह.
- सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि सनद.

अर्ज कलम 44 खाली, परवानाधारक वास्तुविशारदामार्फत बीपीएमएस (बांधकाम नकाशा मंजुरीच्या ऑनलाइन) पोर्टलवर होतो. वापराच्या रकान्यात ‘बँक’ असेच स्पष्ट लिहा. ‘दुकाने/कार्यालय’ असे मोघम लिहून नकाशा मंजूर करून घेतला तर भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी प्रश्न निघतात. 60 दिवसांत निर्णय झाला नाही तर कलम 45(5) ची मानीव परवानगी आहे, पण ती फक्त नियमांशी तंतोतंत जुळणाऱ्या प्रस्तावाला. त्रुटीपत्र आले असेल तर मुदत तुमचे उत्तर पोहोचल्यापासून मोजतात. मानीव परवानगीच्या भरवशावर बँकेने पाया खणू नये. नकार आला तर कलम 47 खाली शासनाकडे अपील करता येते, आदेश मिळाल्यापासून 40 दिवसांत.

मंजुरी एक वर्षाची असते. दरवर्षी मुदतवाढ घेऊन ती आणखी जास्तीत जास्त तीन वर्षे चालते. काम लांबले तर हे तारखांचे गणित सांभाळा.

सातबारा_ते_सनद

वरच्या उत्तराला जोडून सांगतो. नगररचनेची परवानगी, महसुलातली सनद, खरेदीखतातली खाजगी अट आणि रिझर्व्ह बँकेची शाखा-परवानगी हे चार वेगळे अडसर आहेत. एक सुटल्याने दुसरा सुटत नाही. नगरपरिषदेने नकाशा मंजूर केला म्हणजे ‘फक्त राहण्यासाठी’ ही अट गेली, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

खरेदीखतातली अट: मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 11 प्रमाणे पूर्ण मालकी देऊन तिच्या उपभोगावर घातलेले बंधन सामान्यतः टिकत नाही. पण अट घालणाऱ्याच्या शेजारच्या मिळकतीच्या फायद्यासाठी ती असेल तर टिकू शकते, आणि कलम 40 मुळे अशी अट माहीत असून घेणाऱ्यावरही बंधनकारक ठरू शकते. तुम्हाला ती माहीत आहे, आणि ती खतातच असल्याने ‘माहीत नव्हते’ म्हणायची सोय नाही. मूळ रेखांकन करणारा मालक किंवा संस्था आज अस्तित्वात आहे का, तिच्याकडे त्या रेखांकनातले प्लॉट शिल्लक आहेत का, ते पाहा. असतील तर अट सोडल्याचा दस्त नोंदणीकृत करून घ्या. साध्या कागदावरचे ना-हरकत पत्र पुढच्या पदाधिकाऱ्यांनी नाकारले की तुमच्या हातात काही राहत नाही. लगतच्या प्लॉटधारकांची संमतीही त्याच दस्तात घेता आली तर उत्तम.

सनद: निवासी अकृषिकमधून व्यापारी वापरात जाताना आकारणी बदलते. जमीन भोगवटादार वर्ग-2 ची, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधने असलेली, निघाली तर हस्तांतरणाची आणि वापरबदलाची परवानगी, नजराणा हे सगळे व्यवहाराच्या आधी बघायचे असते. अकृषिकबाबतच्या तरतुदी वेळोवेळी बदलतात, तेव्हा तहसीलमधून चालू परिपत्रकाची प्रत घ्या, जुन्या प्रकरणाचा नमुना वापरू नका.

आरक्षण: अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन संपादित झाली नसेल तर मालकाला किंवा हितसंबंधिताला नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली नोटीस देता येते. नोटीस मिळाल्यापासून 24 महिन्यांत संपादन झाले नाही, किंवा संपादनाची पावलेही पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झाल्याचे, म्हणजे आपोआप संपल्याचे, मानले जाते. 2015 च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत 12 महिन्यांची होती. जुनी पुस्तके वाचून 12 धरू नका.

इथे तीन ठिकाणी प्रकरणे फसतात. एक, नोटिसीसोबत मालकी हक्काचे कागद जोडलेले नसतात, मग नोटीसच अपुरी ठरते. दोन, 10 वर्षे प्रारूप योजनेच्या तारखेपासून मोजली जातात. मोजायची ती अंतिम योजना अमलात आल्याच्या तारखेपासून. मध्ये सुधारित योजना मंजूर झाली असेल आणि त्याआधी नोटीस दिलेली नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार 10 वर्षे नव्या योजनेपासून धरावी लागतात. तीन, नगरपरिषद केवळ ठराव करून ‘पाऊल उचलले’ म्हणते. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात (2007) सर्वोच्च न्यायालयाने पावले म्हणजे प्रत्यक्ष संपादनाच्या दिशेची ठोस कार्यवाही असे धरले आहे. नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार पुरत नाही.

आणि आरक्षण गेले म्हणजे तुकडा व्यापारी झाला असे नाही. लगतच्या जमिनीला जो वापर अनुज्ञेय आहे तोच त्याला मिळतो. राजपत्रातला आदेश निघेपर्यंत त्या तुकड्याचे क्षेत्र कुठेही धरू नका.

आणखी एक सूचना संचालक मंडळासाठी. बँकिंग नियमन अधिनियमाच्या कलम 9 प्रमाणे स्वतःच्या वापराला न लागणारी स्थावर मिळकत बँकेने सात वर्षांपेक्षा जास्त धरून ठेवायची नसते, आणि सहकारी बँकांनाही ती तरतूद लागू आहे. ‘वरचे दोन मजले भाड्याने देऊ’ या हिशेबावर मोठी इमारत बेतू नका.

शाखाविस्तार

खूपच उपयोगी. दोन शंका. 24 महिने थांबणे शक्य नाही, तर मागचे 90 चौ.मी. वगळून पुढच्या भागावर आत्ताच नकाशा टाकता येईल का? आणि स्ट्राँगरूम तळघरात घेतली तर तळमजला मोकळा मिळेल, ते योग्य आहे का?

नगररचना_वाचक

टाकता येईल. आरक्षित भाग नकाशावर वेगळ्या रंगात दाखवा आणि क्षेत्राच्या तक्त्यात तो वजा करा, रुंदीकरणाची पट्टीही स्वतंत्र दाखवा. मागची मोकळी जागा आरक्षणाच्या रेषेपासून मोजा, प्लॉटच्या हद्दीपासून नाही. आरक्षित भागात पार्किंग, जनरेटर, सेप्टिक टाकी काहीही दाखवू नका. आरक्षण व्यपगत झाल्यावर सुधारित नकाशा टाकून ते क्षेत्र घेता येते. मात्र तो तुकडा नगरपरिषदेला देऊन मोबदल्यात टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) किंवा एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) घेतला की 127 चा मार्ग बंद. दोन्हीपैकी एकच निवडा.

एफएसआयची चिंता तुमच्या प्रकरणात दुय्यम आहे. अनिवासी वापराला पूरक क्षेत्र, म्हणजे मूळ एफएसआयवर मिळणारे जादा बांधकाम, 80 टक्क्यांपर्यंत मिळते, निवासीला 60. 420 मधून आरक्षण आणि पट्टी गेल्यावर खरी ओढाताण पार्किंगची होते. प्रकरण 8 मधला तक्ता घेऊन आधी गाड्या बसवा, उरलेल्या जागेत बँकिंग हॉल काढा. उलट क्रमाने काढलेला आराखडा पुन्हा पुन्हा बदलावा लागतो.

आरसीसी_तपशील

तळघर नको. लॉकर ठेवणार असाल तर रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2021 च्या लॉकरविषयक सूचनांत पावसाचे किंवा पुराचे पाणी आत येण्याचा धोका टाळण्यावर भर आहे, आणि स्ट्राँगरूमला येण्याजाण्याचा एकच निश्चित मार्ग हवा. जा-ये टिपणाऱ्या सीसीटीव्हीचे चित्रण किमान 180 दिवस जपायचे असते, तेव्हा रेकॉर्डरची जागा आणि वायरिंग आत्ताच ठरवा.

तळमजल्यावर, जमिनीवर टेकलेल्या स्वतंत्र राफ्टवर (सलग काँक्रीटच्या पायावर) घ्या. वजनाचा अंदाज देतो. बँकांच्या स्पेसिफिकेशनमध्ये साधारणपणे भिंती, तळ आणि छत 300 मि.मी. आरसीसी, 12 मि.मी. सळ्यांच्या दोन जाळ्या, दोन्ही दिशांना 150 मि.मी. अंतराने, आणि दुसरी जाळी अर्ध्या अंतराने सरकवलेली असते. आतून 3 × 4 मीटर आणि 3 मीटर उंच खोली धरली तर:
- भिंतींचे काँक्रीट दाराची जागा वगळून सुमारे 13 घनमीटर, वजन 32 ते 33 टन
- छताचे सुमारे 5 घनमीटर, वजन 12 टनांवर
- लोखंड भिंतीच्या दर चौ.मी.ला सुमारे 24 किलो, लॅप वेगळे

म्हणजे लॉकर आणि तिजोरी सोडून 45 टन. नेहमीच्या कार्यालयाच्या भारावर डिझाइन केलेल्या पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर हे बसवायचे नाव काढू नका. भाड्याच्या जुन्या इमारतीतही हीच अडचण येते.

चुका कुठे होतात? सर्वांत महागात पडते ती दाराच्या चौकटीची. चौकट (दरवाजा भारतीय मानक आयएस 11188 प्रमाणे) भिंतीच्या काँक्रीटआधी ओळंब्यात उभी करून सळ्यांना पक्की बांधायची असते. ‘नंतर बसवू’ म्हणून मोकळी जागा ठेवली की भोवती भरलेला मसाला हाच भिंतीचा सर्वांत कमजोर भाग होतो. तयार फरशीची पातळी त्याच वेळी ठरवा. फरशी आणि खालचा थर मिळून 50 मि.मी. वर आले तर दार उघडताना घासते, आणि मग फरशी फोडण्याशिवाय इलाज राहत नाही.

शटरिंगचे आरपार बोल्ट टाळा. काढल्यावर भिंतीत आरपार भोके राहतात. आतच राहणारे टाय वापरा. चौकटीजवळ सळ्यांची गर्दी होते, तिथे बारीक खडीचा मिक्स घ्या आणि व्हायब्रेटर नीट फिरवा, नाहीतर मधाच्या पोळ्यासारखे काँक्रीट निघते आणि प्लास्टरखाली झाकले जाते. प्लास्टरआधी बँकेच्या अभियंत्याने प्रत्येक बाजूचा फोटो घ्यावा. भिंतींचे 13 घनमीटर एका दमात ओता. 6 घनमीटरचा मिक्सर धरला तर तीन फेऱ्या होतात. दोन फेऱ्यांत अंतर पडले की थंड सांधा, म्हणजे जुने आणि नवे काँक्रीट एकजीव न झालेली कमजोर रेघ, आलाच. पोझोलाना सिमेंटला किमान 10 दिवस पाणी मारा.

शेजाऱ्याच्या हद्दीला लागलेली सामाईक भिंत नको. वरच्या मजल्यावर स्ट्राँगरूमच्या डोक्यावर स्वच्छतागृह नको. विजेचे पाइप सरळ आरपार न नेता वळण देऊन न्या.

नकाशा_ते_भोगवटा

वर सांगितलेली स्ट्राँगरूम मंजूर नकाशात दाखवलेली असू द्या. ‘स्टोअर’ लिहून आत 300 मि.मी.च्या भिंती उभ्या केल्या तर जोता तपासणीतच फरक दिसतो, शिवाय चटई क्षेत्राचा तक्ताही चुकतो.

रॅम्पकडे दुर्लक्ष करू नका. उतार 1:12 धरला तर 450 मि.मी. जोत्याला 5.4 मीटर लांबी लागते, वर-खाली सपाट जागा वेगळी. 600 मि.मी. जोता केला तर 7.2 मीटर. एवढी लांबी समोरच्या मोकळ्या जागेत मावत नाही, म्हणून रॅम्प रुंदीकरणाच्या पट्टीत नेतात आणि रस्ता रुंद झाला की तो तुटतो. रॅम्प इमारतीच्या बाजूने वळवा आणि दारापर्यंत तुटक न ठेवता एटीएमलाही जोडा.

बांधकाम खर्चावर 1 टक्का कामगार कल्याण उपकर आणि नगररचना अधिनियमाच्या कलम 124-अ चे विकास शुल्क अंदाजपत्रकात धरा. व्यापारी वापराचे विकास शुल्क निवासीपेक्षा जास्त असते.

साठेखतात दोन अटी घाला: बँक वापराची परवानगी ठरावीक मुदतीत मिळाली नाही तर इसारा परत, आणि खरेदीखतातली जुनी अट सोडल्याचा नोंदणीकृत दस्त विक्रेत्याने आणून द्यायचा. शाखेच्या पत्त्यासह रिझर्व्ह बँकेकडे कागद पाठवण्याआधी झोन दाखला आणि प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) हातात असू द्या. भोगवटा प्रमाणपत्राआधी काउंटर सुरू केले तर तो अनधिकृत वापर ठरतो, तेव्हा उद्घाटनाची तारीख भोगवटा आल्यावरच पक्की करा.