येऊरच्या पायथ्याला सोसायटी, मागे वणवा : हंगामाआधी काय करून ठेवायचं?

मानपाडा_१६

नमस्कार मंडळी. सोसायटी ठाण्यात, घोडबंदर रोडच्या आत, मानपाड्याच्या बाजूला. मागची कंपाउंडची भिंत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला चिकटून. पलीकडे कंबरभर वाळकं गवत, घाणेरी आणि सागाचा पाला. अलीकडे पार्किंगचं शेड, त्यावर हिरवी शेडनेट, कोपऱ्यात डीजी सेट (डिझेल जनरेटर) आणि डिझेलचे कॅन. फेब्रुवारी लागला की रात्री डोंगरावर लाल रेघ दिसते, ग्रुपवर दोनशे मेसेज पडतात आणि त्यातला कामाचा एकही नसतो. यंदा कमिटीला आधीच तयारी करायची आहे. भिंतीपलीकडचं गवत माळ्याकडून कापून घेतलं तर चालेल का? बिल्डिंगची फायर लाइन (आग विझवायच्या पाण्याची) मागच्या बाजूला वापरता येते का? आणि धूर खाली उतरतो तेव्हा दम्याच्या पेशंटसाठी घरात नेमकं काय करायचं? "खिडक्या बंद ठेवा" याच्या पुढचं कुणी सांगा.

रानवाट

पलीकडच्या गवताला हात लावू नका. जमीन राष्ट्रीय उद्यानाची आहे, हेतू कितीही चांगला असला तरी परवानगीशिवाय तिथे कोयता चालवणं हा गुन्हाच. त्याऐवजी येऊर वनपरिक्षेत्र कार्यालयाला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि भिंतीलगत जाळरेषा काढायची विनंती करा. "आमच्या मागे आग लागते" एवढंच लिहिलं तर पत्र फायलीत पडून राहील. भिंतीची लांबी मीटरमध्ये, दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश, गवताचा फोटो, आत शिरायला गेट आहे का, आणि संपर्कासाठी दोन माणसांचे नंबर, असं सगळं द्या. पोच घ्या. हे काम नोव्हेंबर-डिसेंबरचं. खात्याच्या लेखी वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, त्यामुळे फेब्रुवारीत दिलेलं पत्र पुढच्या वर्षीच्या कामाला येतं!

जाळरेषा म्हणजे गवत साफ करून ठेवलेला पट्टा. बऱ्याच ठिकाणी दोन्ही कडा कापून मधलं गवत माणसं उभी करून, हवा थंड असताना जाळतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळी धूर दिसला तर आरडाओरडा करण्याआधी फोन करून विचारा, ती खात्याचीच आग असू शकते.

भिंतीच्या आतलं मात्र सगळं तुमच्या हातात आहे. भिंतीपासून आत निदान तीन मीटर पट्टा मोकळा ठेवा, म्हणजे वाळकं गवत, पाला, जुनी सोफासेटं, पुठ्ठे, नारळाच्या झावळ्या काही नको. गवत चार इंचांपेक्षा वाढू देऊ नका. पाऊस ऑक्टोबरात जातो, गवत डिसेंबरपर्यंत वाळतं. एकदा डिसेंबरात आणि पानगळ झाल्यावर फेब्रुवारीअखेर पुन्हा साफ करा. ब्रशकटर वापरणार असाल तर नायलॉन दोरीचा हेड लावा. धातूचं पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते, आणि दुपारी दोन वाजता वाळक्या गवतात एवढीच ठिणगी पुरते. काम सकाळी, गवतावर दव असताना. शेजारी पाण्याची बादली. कापलेलं तिथेच पसरून ठेवलंत तर उभं गवत आडवं करण्यापलीकडे काही साधत नाही, त्याच दिवशी उचला. झाडाची फांदी छाटायची असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, गवताला लागत नाही.

आणि सफाईवाल्याला भिंतीशी पाल्याचा ढीग पेटवू देऊ नका. आपल्याकडचे वणवे जवळपास सगळे माणसाने लावलेले असतात. विडीचं थोटूक, शिकार, नवं गवत फुटावं म्हणून लावलेली काडी, मोहाखालचा पाला जाळणं. त्यात सोसायटीच्या कचऱ्याची भर नको. पलीकडे आग गेली तर भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३०, दोन्ही लागू शकतात.

फोन : वनविभागाची हेल्पलाइन १९२६. ज्वाळा भिंतीजवळ असतील तर आधी १०१ किंवा ११२, मग १९२६. सांगताना "येऊरला आग" म्हणू नका, येऊर केवढं आहे! लोकेशन पिन, आग वर चढतेय की खाली उतरतेय, धूर कुठल्या दिशेला जातोय, जवळ पाडा आहे का, आणि गाडी कुठपर्यंत येते, हे पाच मुद्दे. अतिदाबाच्या तारेचा मनोरा जवळ असेल तर त्यावरच्या पाटीचा नंबर सांगा, जागा चटकन सापडते.

होज_रील

फायर लाइनचं मी सांगतो. बिल्डिंगच्या आत मजल्यावर असते ती होज रील. ३० मीटर बारीक नळी, एक माणूस हाताळू शकतो, पण धार सहा-सात मीटरच जाते. कचरा, शेडनेट, पेटलेला पाला यांना पुरे. मागच्या बाजूसाठी खरी कामाची गोष्ट म्हणजे आवारातला हायड्रंट : ६३ मिमीचा व्हॉल्व्ह आणि लाल पेटीत १५ मीटरच्या दोन होज. दोन्ही जोडल्या की ३० मीटर. आधी टेप लावून मोजा की भिंतीच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचतात का. न पोचल्यास तिसरी होज घ्या. ही धार एकट्याने धरू नये, प्रेशर आलं की नॉझल हातातून उसळतं. दोघं नॉझलवर, एक व्हॉल्व्हवर, आणि व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा.

आता ऐनवेळी काय बिघडतं ते. सगळ्यात जास्त वेळा : पंप पॅनेलचा सिलेक्टर स्विच "मॅन्युअल"वर ठेवलेला. जॉकी पंप, म्हणजे मेन पंपाच्या जोडीचा छोटा पंप, लाइनीत प्रेशर धरून ठेवतो म्हणून गेजवर आकडा दिसतो, सगळे खूश. पण होज उघडल्यावर प्रेशर पडतं आणि मेन पंप सुरूच होत नाही. अर्ध्या मिनिटात धारेची मुताची धार होते (माफ करा, दुसरा शब्द नाही). स्विच कायम "ऑटो"वर. दुसरं, पेटीतलं पितळी नॉझल चोरीला गेलेलं. तिसरं, कपलिंगमधला रबरी वॉशर वाळून तडकलेला. जोडावर पाणी फवारतं आणि पुढे पोचत नाही. दहा-वीस रुपयांचा माल, चार जादा आणून पेटीतच टांगा. चौथं, फायर टाकीतलं पाणी उन्हाळ्यात बागेला वापरलेलं. त्या टाकीला हात लावायचाच नाही, टँकरचे कितीही पैसे वाचोत.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) वर्षातून दोनदा द्यावा लागतो, जानेवारी आणि जुलै. जानेवारीची तपासणी तुमच्यासाठी मुहूर्तावर येते. एजन्सीच्या माणसाला सही करून जाऊ देऊ नका. मागच्या हायड्रंटवर दोन्ही होज जोडून पंप ऑटोवर सुरू करून दाखवायला लावा. सिक्युरिटीच्या दोन्ही शिफ्ट तिथे उभ्या करा, कारण वणवा रात्री अकराला दिसतो तेव्हा एजन्सी नसते, वॉचमन असतो.

शेडनेट हंगामापुरती काढा. प्लॅस्टिकच आहे, तरंगत आलेला निखारा बसला की वितळून जळते थेंब खाली गाड्यांवर पडतात. डिझेलचे कॅन मागच्या बाजूला ठेवणं हे तर वणवा नसतानाही चूकच. पुढच्या बाजूला, बंद खोलीत हलवा.

वारा_फिरला

आरसीसी बिल्डिंगला गवताच्या वणव्याचा थेट धोका कमी. गवत पेटून ज्वाळा काही मिनिटांत पुढे सरकतात. तुमचा खरा शत्रू धूर, आणि तो वाऱ्याचं वेळापत्रक पाळतो.

ठाण्याला येऊरचा डोंगर पश्चिमेला. दुपारी समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटतो, तो डोंगरावरचा धूर सरळ तुमच्या अंगावर आणतो. डोंगर वस्तीच्या पूर्वेला असेल तिथे उलट : दुपारचा वारा आग चढावर ढकलतो, धूर वस्तीपासून लांब जातो. चढावर आग झपाट्याने पळते. साधारण हिशोब असा की उतार दहा अंशांनी वाढला की वेग दुप्पट. म्हणून अशा डोंगराला दुपारी पेटलं तर तासाभरात माथा गाठतं. पण रात्री दोन्हीकडे सारखंच. जमीन थंड होते, थंड हवा उतारावरून खाली ओघळते आणि ओंडके-बुंधे धुमसत राहिल्याचा धूर पायथ्याला साचतो. पहाटे तीन ते सकाळी आठ सगळ्यात वाईट. ज्वाळा विझल्या म्हणून रात्री खिडक्या उघडून झोपणारे इथेच फसतात. नऊ-दहानंतर ऊन तापून हवा वर उठली की उघडा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्या दिवशी पूर्वेचा कोरडा वारा दुपारपर्यंत हटत नाही आणि पारा ३७-३८ च्या वर जातो, तो दिवस धोक्याचा समजा.

आकडे बघताना एक गफलत होते. 'समीर' या सरकारी ॲपवरचा एक्यूआय (हवेच्या दर्जाचा निर्देशांक) हा २४ तासांच्या सरासरीवर निघतो. तीन तास नाकातोंडात धूर गेला तरी तो "मध्यम" दाखवू शकतो. ताशी पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) बघा. आपलं २४ तासांचं मानक ६० मायक्रोग्रॅम. तासाचा आकडा त्याच्या दुप्पट-तिप्पट दिसला की पेशंटला आतल्या खोलीत न्या.

मानपाडा_१६

शेडनेट आणि डिझेलचं उद्याच कमिटीत घेतो. पंपाचा स्विच आत्ता जाऊन बघितला, मॅन्युअलवरच होता. ती "आतली खोली" जरा उलगडून सांगाल का? स्प्लिट एसी आहे, प्युरिफायर घ्यायचा विचार आहे.

वारा_फिरला

एकच खोली निवडा, डोंगराच्या विरुद्ध बाजूची, शक्यतो संडास-बाथरूम जोडून असलेली. आपल्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांमधून हवा तीन ठिकाणांहून येते : दोन झडपा एकमेकांवर येतात ती उभी फट, खालचा ट्रॅक, आणि ट्रॅकला पावसाचं पाणी जायला पाडलेली भोकं. उभ्या फटीत मऊ केसांची पट्टी असते, तिला वूलपाइल म्हणतात. पाच-सहा वर्षांत ती चपटी होते. खिडकीवाला ती ओढून नवी घालून देतो. भोकांवर हंगामापुरती चिकटपट्टी लावा आणि मेअखेर आठवणीने काढा, नाहीतर पहिल्या पावसात पाणी आत. दाराखाली ओला टॉवेल.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो, तेव्हा बिनधास्त चालवा. विंडो एसीला व्हेंटचा खटका असतो, तो बंद करा. कूलर अजिबात नको, तो बाहेरचा धूर खेचून आत फेकतो. बाथरूम-किचनचे एक्झॉस्ट बंद. पंखा जितकी हवा बाहेर टाकेल तितकी फटींमधून आत येणार. उदबत्ती, फोडणी, कासवछाप, सगळं त्या वेळेपुरतं थांबवा.

प्युरिफायर घेताना "५०० चौरस फुटांसाठी" या जाहिरातीला भुलू नका. सीएडीआर बघा, म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ करून देतं तो आकडा. १२ बाय १० ची खोली, साडेनऊ फूट उंची म्हणजे साधारण ३२ घनमीटर. धुरासाठी हवा तासाला पाच वेळा गाळून निघायला हवी, म्हणजे १६० घनमीटर प्रतितास. रात्री कमी आवाजावर चालवणार, तेव्हा सीएडीआर निम्म्याहून खाली येतो. म्हणून ३०० च्या पुढचा घ्या. प्युरिफायरमधला हेपा फिल्टर कण धरतो, वास धरत नाही. वासासाठी कार्बनचा थर लागतो. वास येतोय म्हणजे मशीन बिघडलं असं नाही.

मास्क एन-९५ किंवा आयएस ९४७३ चा एफएफपी२. पट्ट्या डोक्यामागून जाणारा घ्या, कानातला गालापाशी सैल बसतो. ओला रुमाल राख अडवतो, पीएम २.५ नाही. इनहेलर आणि त्याचा डोस डॉक्टरांकडून हंगामाआधीच लिहून घ्या, पहाटे चारला शोधाशोध नको. सकाळी गॅलरीतली राख झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं तपासा.

पोखरण_टाइगर

एवढं सगळं करण्यापेक्षा दहा-बारा पोरं ओल्या फांद्या घेऊन वर गेली तर तासात विझेल की. गावाकडे असंच करतात.

रानवाट

गावाकडे करतात त्यांना वाटा, ओढे आणि वाऱ्याची वेळ माहीत असते. झोडपणी नेहमी आगीच्या मागून किंवा बाजूने, जळून काळ्या झालेल्या जमिनीवर पाय ठेवून करतात. नवखा माणूस समोरून, म्हणजे वरच्या अंगाने जातो आणि चढावरची आग त्याला गाठते. घळीत तर शिरूच नये, ती धुराड्यासारखी ओढते. वाळलेल्या कारवीच्या झुडपात पळायला वाट नसते. वर अतिदाबाच्या तारा असतील तर दाट धुरातून वीज जमिनीकडे झेप घेऊ शकते. शिवाय परवानगीविना उद्यानात शिरलात म्हणून कारवाई होईल ती वेगळीच. मदत करायचीच असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी नावं द्या, त्यांच्या वनरक्षकाबरोबर आणि ब्लोअरवाल्यांच्या (हवेच्या झोताने पाला उडवून आग तोडणाऱ्यांच्या) मागे चाला. जाड सुती पूर्ण बाह्या, चामडी बूट, माणशी तीन लिटर पाणी. सिंथेटिक ट्रॅकपँट घरी ठेवा, ती वितळून चिकटते.

खाली राहणाऱ्यांसाठी एक काम आहे : आगीच्या रात्री मागचे दिवे बंद करा आणि पार्किंगमध्ये मुलांना सोडू नका. साप, मुंगूस, कधी बिबट्याही भिंतीकडे सरकतो. हुसकावू नका, जाऊ द्या, अडकला असेल तर १९२६.

होज_रील

@मानपाडा_१६, स्विच ऑटोवर केल्यावर तसाच सोडू नका. कुणीतरी तो मुद्दाम मॅन्युअलवर टाकला असणार. बहुतेक लाइनीत कुठेतरी गळती आहे, त्यामुळे जॉकी दर पाच मिनिटांनी सुरू होत असेल आणि आवाजाची तक्रार आली असेल. रात्री पंपरूममध्ये अर्धा तास बसून जॉकी किती वेळा उठतो ते मोजा. गळती सापडल्याशिवाय आठवड्याभरात स्विच पुन्हा मॅन्युअलवर जाईल.