तरुणांच्या चळवळीला पैसा कोणाचा? नायजेरिया, केनिया आणि मोठे देणगीदार

रानवाट
ऑक्टोबर २०२० मध्ये नायजेरियातली पोरं 'सार्स' या पोलीस पथकाच्या अत्याचारांविरुद्ध रस्त्यावर उतरली. त्याच वर्षी तरुणींनी स्थापन केलेल्या 'फेमिनिस्ट कोअलिशन'ने वर्गणी गोळा करायला घेतली. पैसे स्वीकारायची ऑनलाइन सोय बंद झाली, तर त्या बिटकॉइनकडे वळल्या. साधारण १४.७ कोटी नायरा जमले. त्यातून जखमींवर उपचार झाले, पकडलेल्यांना वकील मिळाले, आंदोलकांना जेवण-पाणी मिळालं. मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की खर्चाचा हिशोब त्या वेळच्या वेळी सगळ्यांसमोर ठेवत होत्या. २० ऑक्टोबरला लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर लष्कराने गोळीबार केला. दोन दिवसांनी या तरुणींनी देणग्या घेणं थांबवलं.

आफ्रिकेत तरुणांसाठी मोठं दान होत नाही असं नाही. नायजेरियाचे बँकर टोनी एलुमेलू यांचं फाउंडेशन २०१५ पासून नवउद्योजकांना प्रत्येकी ५,००० डॉलर देतंय. काम चांगलंच आहे. पण ते पैसे दुकान उभं करायला मिळतात, पोलिसांना जाब विचारायला नाही. माझं स्पष्ट मत: न्यायाच्या लढ्यात मोठ्या फाउंडेशनांनी मागे राहावं. त्यांचा पैसा प्रकल्पाची मुदत घेऊन येतो आणि त्याचा हिशोब देणगीदाराकडे जातो. ज्याच्या पाठीवर लाठी पडली त्याला तो कधी दिसतच नाही.

तळटीप
साफ असहमत. दक्षिण आफ्रिकेतली 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन' घ्या. १९९८ साली सुरू झालेली एड्स रुग्णांची चळवळ. आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारं नेविरापीन सरसकट सगळ्या सरकारी दवाखान्यांत द्यायला तिथलं सरकार तयार नव्हतं. चळवळ कोर्टात गेली आणि २००२ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने सरकारला ते द्यायला लावलं. या चळवळीमागे 'अटलांटिक फिलान्थ्रपीज'सारख्या परदेशी संस्थांचा पैसा होता. आपल्या मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये एड्सची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. तेव्हा पेटंटवाल्या औषधांचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. पण औषध स्वस्त झालं म्हणजे ते आपोआप दवाखान्यात पोचत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागतं, वकील लागतात, वस्तीवस्तीत आजार समजावून सांगणारी माणसं लागतात आणि त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार लागतो. दोन आठवड्यांच्या वर्गणीतून हे कसं भागणार?

रानवाट
त्या चळवळीची ताकद वस्त्यांमधल्या सभासदांत होती. 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' लिहिलेले टीशर्ट घालून उघडपणे फिरणाऱ्या बायकांत होती. देणगीदार नंतरचे.

शिवाय परदेशी पैसा सरकारच्या हातात आयतं कोलीत देतो. जून २०२४ मध्ये केनियात कर वाढवणाऱ्या वित्त विधेयकाविरुद्ध तरुण उठले, २५ तारखेला संसदेत घुसले, दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटोंना त्यावर सही नाकारावी लागली. जखमींसाठी आणि मृतांच्या घरच्यांसाठी लोकांनी एम-पेसावरून, म्हणजे मोबाइलवरून, पैसे पाठवले होते. तरी जुलैत रुटोंनी या अशांततेला पैसा पुरवल्याचं म्हणत अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनकडे बोट दाखवलंच. फोर्डने आरोप फेटाळला, पण शिंतोडे उडायचे ते पोरांवर उडालेच.

उंबरठा
रानवाट, तुमच्याच उदाहरणातून तुमचा मुद्दा पडतो. फोर्डने पैसे दिले असोत-नसोत, आरोप झालाच ना? मग आरोपाला घाबरून पैसा का नाकारायचा?

आणि गावातला पैसा तेवढा चोख, हे कुठून आलं? केनियात 'हरांबे' आहे, म्हणजे सगळ्यांनी मिळून हातभार लावायचा. स्वातंत्र्यानंतर देशाचे पहिले नेते जोमो केन्याटांनी तीच हाक दिली आणि गावोगाव शाळा उभ्या राहिल्या. पुढे पुढाऱ्यांनी त्याच कार्यक्रमांत नोटांची पाकिटं वाटून मतं बांधली. पगाराबाहेरचा हा पैसा येतो कुठून, हे २०२४ चे तरुण विचारत होते. शेवटी रुटोंनाच सरकारी पदाधिकाऱ्यांना हरांबेत देणग्या द्यायला बंदी जाहीर करावी लागली. दान स्थानिक होतं, पण न्याय त्यात कुठे होता?

कोरडवाहू
थोडक्यात भर घालतो. इथिओपियाने २००९ मध्ये कायदा केला: उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त पैसा परदेशातून घेणाऱ्या संस्थेला मानवी हक्कांवर काम करता येणार नाही. अनेक संस्थांनी ते काम सोडून दिलं. गावच्या वर्गणीने ती पोकळी काही भरली नाही. २०१९ मध्ये तो कायदा बदलावा लागला. आपल्याकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याची, झळ सोसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. 'परदेशी पैसा नको' ही मागणी सरकारांना फार सोयीची असते, हे रानवाट यांनी ध्यानात घ्यावं.

रानवाट
कायद्याने बंदी घालावी असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. सरकारने अडवणं वेगळं आणि देणाऱ्याने स्वतःहून हात आवरणं वेगळं. द्यायचंच असेल तर बिनशर्त द्या, पाच-दहा वर्षांसाठी द्या, पैसा कशावर खर्च करायचा ते चळवळीतल्या पोरांना ठरवू द्या. आणि हिशोब न्यूयॉर्कच्या ऑफिसात जाण्याआधी नैरोबीच्या वस्तीत वाचून दाखवा. फेमिनिस्ट कोअलिशनच्या तरुणींनी गोळीबाराच्या छायेत हिशोब मांडला, तर एवढी यंत्रणा असलेल्या फाउंडेशनांना काय अडचण आहे?

तळटीप
हिशोबाची अट मला शंभर टक्के मान्य. 'मागे राहा' मात्र अजिबात नाही. केनियात २०२४ मध्ये पोलिसांच्या गोळीने गेलेल्या मुलांचे आईबाप कोर्टात गेले, तर निकालाला किती वर्षं लागतील सांगता येत नाही. तोवर एम-पेसावरची वर्गणी आटलेली असणार. चौथ्या वर्षी त्यांच्या वकिलाची फी कोण भरणार, एवढं फक्त सांगा.